लंब शोधताना: सातवीच्या क्षेत्रफळ प्रकल्पाच्या नोंदी

25 नोव्हेंबर 2024, सोमवार

निवडणुकीत आमची शाळा मतदान केंद्र होती. व्हरांड्यात काढलेले बाक आज आत आले आणि दुसऱ्या सत्राचं गणित खऱ्या अर्थानं आज सुरू झालं. सातवीला क्षेत्रफळावर पाचच गणितांची चाचणी दिली, तीही काहीच न शिकवता. चौथं गणित मुद्दाम घातलं होतं: 10 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद जागा, तिच्या एका कोपऱ्यातून 4 बाय 3 मीटरचा तुकडा कापलेला. आकृती काढून दिली होती, सहाही बाजूंवर मापं लिहिली होती. जवळजवळ सगळ्यांनी 10 गुणिले 8 केलं आणि 80 लिहून मोकळे झाले. काहींनी सहाही बाजूंची बेरीज केली. 80 मधून 12 वजा करून 68 लिहिणारी एकच मुलगी.

तोंडी विचारलं, "क्षेत्रफळ म्हणजे काय?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "लांबी गुणिले रुंदी!"

"विहिरीला लांबी कुठली आणि रुंदी कुठली?"

गप्प.

मुलांना सूत्र पाठ आहे. सूत्र कशाचं, ते माहीत नाही. म्हणून या वेळी ठरवलं आहे: सूत्र फळ्यावर लिहायचं नाही. मुलांना त्याची गरज पडेल तेव्हा तीच तयार करतील. आणि प्रकल्प वर्गात संपवायचा नाही, गावातल्या एखाद्या वाकड्या वावरात संपवायचा. आमच्या शिवारात काटकोनातली वावरं शोधूनच काढावी लागतात. कुठे नाला आत घुसलेला, कुठे रस्ता तिरपा गेलेला, कुठे भाऊवाटणीत बांध जमेल तसा पडलेला. आयत पुस्तकात असतो. आमच्या मुलांच्या घरी चार तऱ्हेच्या बाजू असतात.

27 नोव्हेंबर, बुधवार

आज फक्त झाकणं. प्रत्येक जोडीला पिंपळाचं एक पान. आधी ज्वारीच्या दाण्यांनी झाकलं. दाण्यांमध्ये फटी राहतात हे मुलांनीच सांगितलं. मग पान चौकटीच्या वहीवर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली आणि चौकटी मोजल्या. कडेच्या अर्धवट चौकटींवरून बराच वाद झाला. शेवटी वर्गाचा नियम ठरला: अर्ध्याहून जास्त असेल तर एक धरायची, कमी असेल तर सोडायची. एकच पान दोन जोड्यांना दिलं तर उत्तरात थोडा फरक येतो, आणि चौकटी बारीक केल्या की फरक कमी होतो. हे एका मुलानं आलेख कागद मागून घेऊन करून पाहिलं. त्याला मी काही सांगितलं नव्हतं.

29 नोव्हेंबर, शुक्रवार

काडेपेटीच्या 24 काड्या, सगळ्या वापरून आयत करा. 1 बाय 11 पासून सुरुवात झाली. फळ्यावर तक्ता वाढत गेला: 11, 20, 27, 32, 35, 36. कुंपण तेवढंच, आतली जागा तिपटीहून जास्त झाली. परिमिती आणि क्षेत्रफळ यांचा गोंधळ समजावून सांगून जात नाही असा माझा अनुभव आहे. तो हातानं काड्या हलवल्या की जातो. 6 बाय 6 सगळ्यात मोठा हे पाहून एका मुलीनं विचारलं, "चौकोनच का करायचा? गोल केला तर अजून जास्त होईल का?" प्रश्न भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवला. वर्तुळाच्या वेळी तिच्यापासूनच सुरुवात करणार.

3 डिसेंबर, मंगळवार

या प्रकल्पातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तास आज झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

जाड पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या, कोपऱ्यांना शिवणकामाची टिचबटणं. बटण ते बटण 20 सेंटिमीटर. अशा चौकटी गटागटात वाटल्या. चौकट सरळ ठेवून आलेख कागदावर आखली, आत 400 चौरस सेंटिमीटर. मग सांगितलं, वरच्या दोन कोपऱ्यांना धरून बाजूला ढकला.

"मॅडम, हाई तं वाकडं व्हई गयं!"

"झालं ना वाकडं? आता आत किती?"

निम्म्याहून जास्त हात वर. 400! कारण? "बाजू त्याच आहेत ना, मॅडम." हे कारण चुकीचं असलं तरी त्यामागे विचार आहे, म्हणून मी हो-नाही काही म्हटलं नाही. मोजायला लावलं. एका गटाची चौकट अशी झुकली होती की वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंतचं सरळ अंतर 16 सेंटिमीटर होतं. त्यांना 320 च्या आसपास चौकटी मिळाल्या. दुसऱ्या गटानं अजून ढकललं, अंतर 10 वर आलं, चौकटी 200 च्या आसपास. मागच्या बाकावरच्या मुलीनं चौकट पूर्णच दाबली, चारही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. ती चौकट हातात वर धरून म्हणाली, "चार बाजू तर आहेत, पण आत काहीच राहिलं नाही."

वर्ग थांबला. बाजू 20-20 च, आणि आतली जागा 400 पासून शून्यापर्यंत काहीही! म्हणजे नुसत्या बाजू मोजून क्षेत्रफळ कळणार नाही. मग आणखी काय मोजायला हवं? हा प्रश्न मुलांकडून आला आणि उत्तरही तिथूनच आलं: "वरून खाली सरळ किती आहे ते." या सरळ अंतराला लंब म्हणतात एवढंच मी जोडलं.

तासाच्या शेवटी फळ्यावर एक वाक्य मुलांच्या शब्दांत: बाजू त्याच असतील तर काटकोनात जागा सगळ्यात जास्त. ते पुसायचं नाही असं ठरलं.

5 डिसेंबर, गुरुवार

वह्यांची उभी चळत रचली, कडेनं पाहिली तर आयत. तळहातानं सावकाश तिरपी केली. पाया तोच, उंची तीच, वह्याही तेवढ्याच. समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंची, हे मी फळ्यावर लिहायच्या आधी वहीत लिहिलेलं दिसलं. कर्णावर कापून त्रिकोण; दोन्ही तुकडे एकावर एक बसतात, म्हणून निम्मं.

विशालकोन त्रिकोणात गाडी अडली. लंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो हे मुलांना पटत नाही. "बाहेरचं कसं मोजायचं?" पाया पुढे वाढवायचा, हे करून दाखवलं, पण निम्मा वर्ग अजून त्याच बाजूची तिरपी लांबी उंची म्हणून घेतोय. याला वेळ लागेल आणि तो द्यायला हवा.

10 डिसेंबर, मंगळवार

मैदानावर गुंठा आखला. 33 फुटांची सुतळी आणि फक्कीची घमेली.

काटकोन कसा आणायचा यावर अडले होते. वर्गातल्या एका मुलाचे वडील गवंडी आहेत. तो म्हणाला, "पप्पा पाया गुण्यात घेताना तीन-चार-पाच लावतात." त्यालाच पुढे केलं. एका कडेवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, आणि दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर 5 होईपर्यंत दुसरी कड सरकवायची. चारही कोपरे त्यानं असेच घेतले. मग दोन्ही कर्ण मोजले, दोन्ही 46 फूट 8 इंच भरले. पायथागोरस या मुलाला घरून आलाय. त्या प्रमेयाला नाव असतं एवढंच मला सांगायचं उरलं.

33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर, 43,560 चौरस फूट. मग त्याच कोपऱ्यापासून 10 बाय 10 मीटरचा चौरस आखला, हा एक आर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर का लिहितात आणि घरी सगळे गुंठा-एकर का बोलतात, हे मुलांना नेहमी कोडं वाटतं. आज डोळ्यांसमोर दिसलं: दोन्ही चौरस जवळजवळ एकावर एक. दोन कडांना सहा सेंटिमीटरपेक्षा थोडी बारीक पट्टी उरते, तेवढाच फरक. गुंठा 101.17 चौरस मीटर, आर 100. शंभर आर म्हणजे हेक्टर, साधारण 2.47 एकर.

नंतरचा प्रश्न: सुतळी दुप्पट केली, 66 फुटांची, तर चौरस किती गुंठ्यांचा? "दोन!" आखायला लावलं. चार गुंठे मैदानावर पसरलेले बघून मुलं फक्की तुडवत एका गुंठ्यातून दुसऱ्यात पळत होती. लांबी दुप्पट तर जागा चौपट, हे वहीत सांगून दरवर्षी विसरलं जातं. यंदा पाय फिरलेत त्यावर.

13 डिसेंबर, शुक्रवार

गावात निवृत्त भूकरमापक राहतात, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांना विनंती केली होती, ते आज वर्गावर आले. येताना पिशवीतून कापडात गुंडाळलेली शंकूची डोकी घेऊन आले.

जुनी मोजणी शंकू-साखळीची. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. म्हणजे आमची मंगळवारची सुतळी काही नवी नव्हती. शंकू म्हणजे जमिनीत रोवायची काठी, तिच्या डोक्यावर लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन खाचा. एका खाचेतून मधल्या रेघेवरची काठी दिसली पाहिजे आणि त्याच वेळी दुसऱ्या खाचेतून वावराचा कोपरा. दोन्ही एकदम दिसेपर्यंत रेघेवर पुढे-मागे सरकायचं. जिथे दिसेल तिथे त्या कोपऱ्याचा लंब पडतो.

"शिवार कितीही वाकडं असू द्या," आबा म्हणाले, "मधून एक सरळ रेघ घ्या आणि कोपऱ्या-कोपऱ्यातून तिच्यावर लंब टाका. मग सगळे त्रिकोणच होतात." त्यांनी कागदावर टिपण कसं लिहितात ते काढून दाखवलं: मधली रेघ उभी, तिच्यावरची अंतरं खालून वर, आणि डाव्या-उजव्या लंबांचे आकडे बाजूला. मुलांनी आजवर पाहिलेली ही सगळ्यात कामाची भूमिती असेल.

दुपारी मुलांनी लाकडी ठोकळ्यावर चौरसाच्या चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकून, समोरासमोरच्या खिळ्यांतून बघायचा आपला शंकू केला. चौरसाचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात म्हणून तो चालतो. आबांनी डोळा लावून पाहिला आणि मान डोलावली.

18 डिसेंबर, बुधवार

गृहपाठ होता: घरी विचारा, वावर किती आहे हे टेपनं कसं काढतात. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच. चारही बांध मोजायचे, समोरासमोरच्या दोन-दोन बांधांची सरासरी काढायची, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार. नांगरटीचे पैसे ठरतात ते याच हिशेबावर.

एका मुलानं लगेच विचारलं, "मॅडम, यात लंब कुठे आहे?" त्यानं विचारलं नसतं तर मी विचारणार होते. टिचबटणांची चौकट त्यानं कपाटातून स्वतःच काढून आणली, पूर्ण दाबली आणि म्हणाला, "या हिशेबानं हे पण 400."

वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं शाळेजवळचं वावर मका काढून मोकळं झालंय. कपाशी उभी असती तर कोपऱ्यातून कोपरा दिसला नसता. त्यांना विचारलं. "मोजा ना मॅडम, पोरांना शिकायला मिळेल," म्हणाले.

20 डिसेंबर, शुक्रवार

सकाळची शाळा वावरातच. चार कोपऱ्यांना चार बांबू, वर लाल फडकी. खेळाची 30 मीटरची टेप, आमचा खिळ्यांचा शंकू, आणि बांधावर बसून लक्ष ठेवणारे आबा.

आधी चार बाजू, आतल्या कडेनं: 32.6, 85.4, 40.5, 83.9 मीटर. मग लांब कर्ण. टेप पुन्हा-पुन्हा लावावी लागते, म्हणून रेघ वाकू नये यासाठी मध्ये तीन काठ्या ओळीत रोवल्या. एकानं मागून डोळा लावायचा आणि हातानं "डावीकडे, अजून डावीकडे" करायचं. कर्ण 104 मीटर.

लंब शोधणं पाहण्यासारखं होतं. शंकू धरलेली मुलगी रेघेवर पाऊल-पाऊल सरकत होती. खिळ्यांच्या एका जोडीतून रेघेवरची काठी दिसतेय, दुसऱ्या जोडीतून कोपऱ्याचा बांबू अजून उजवीकडे. दोन पावलं पुढे. आता डावीकडे गेला. अर्धं पाऊल मागे. "आला! आला!" तिथे खुंटी. सुरुवातीपासून 22 मीटर, तिथून कोपऱ्यापर्यंत 24. दुसऱ्या बाजूचा लंब 78 मीटरवर पडला, लांबी 31.

एका मुलानं तपासायची युक्ती काढली, ती मला फार आवडली. 22 चा वर्ग अधिक 24 चा वर्ग म्हणजे 1060, त्याचं वर्गमूळ साधारण 32.6. पहिल्या बाजूचं माप तेच! मैदानावरचं तीन-चार-पाच त्यानं इथे ओढून आणलं.

23 डिसेंबर, सोमवार

काल राष्ट्रीय गणित दिवस होता, रामानुजन यांचा जन्मदिवस. रविवार आल्यामुळे आजच्या परिपाठात त्यांची माहिती मुलींनी सांगितली. मग हिशेब.

त्रिकोणांनी: 104 गुणिले 24 चं निम्मं 1248. 104 गुणिले 31 चं निम्मं 1612. एकूण 2860 चौरस मीटर, म्हणजे 28.6 आर.

सरासरीनं: 32.6 आणि 40.5 ची सरासरी 36.55. 85.4 आणि 83.9 ची 84.65. गुणाकार 3094.

फरक 234 चौरस मीटर, सव्वादोन गुंठ्यांहून जास्त. पाऊण एकराच्या आतल्या वावरात हा फरक थोडा नाही.

"कधी कमी पण येत असेल ना? कुणाला जास्त, कुणाला कमी, मग सारखंच झालं." हा प्रश्न चांगला होता, म्हणून नियोजित तास सोडून त्यामागे गेलो. चौकोन एका कर्णावर कापला की दोन कोपऱ्यांचे दोन त्रिकोण. दुसऱ्या कर्णावर कापला की उरलेल्या दोन कोपऱ्यांचे दोन. चारही कोपऱ्यांचे त्रिकोण मिळून वावर दोनदा भरतं. आता एकेका कोपऱ्याचा त्रिकोण पाहा: त्याच्या दोन बाजू ठरलेल्या. त्यात जास्तीत जास्त जागा कधी? सगळ्यांच्या माना फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे वळल्या, तिथे 3 तारखेचं वाक्य होतं. काटकोनात! आणि काटकोनात त्याचं क्षेत्रफळ दोन बाजूंच्या गुणाकाराचं निम्मं. चार कोपऱ्यांची ही निम्मी-निम्मी मिळवून त्याचा अर्धा केला की येतो तो बरोबर सरासरीचाच गुणाकार. म्हणजे सरासरीचा हिशेब चारही कोपरे काटकोनात धरतो. तसे ते असतील तर उत्तर अचूक, नसतील तर नेहमी जास्तच. कमी कधीच नाही. शेवटची पायरी सात-आठ मुलांनाच पूर्ण पटली, पण "नेहमी जास्त" हे सगळ्या वर्गानं चौकटीवर पडताळलं.

हा हिशेब फार जुना आहे. ब्रह्मगुप्तानं 628 सालच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजांच्या निमपटीचा गुणाकार दिला आहे, पण तो स्थूल फळ म्हणजे ढोबळ क्षेत्रफळ म्हणून, आणि सूक्ष्म म्हणजे नेमक्या फळासाठी वेगळा नियम. भास्कराचार्यांनी 1150 च्या लीलावतीत याहून कडक शब्द वापरले: लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं फळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहूनही पुढचा. मुलं हसून लोटपोट. मग सांगितलं की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापला, आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो शिलालेख आपल्याच चाळीसगाव तालुक्यात, पाटण्याला आहे. देवीच्या जत्रेला सगळे गेलेले, शिलालेखाचं कुणालाच माहीत नाही. ही गोष्ट प्रत्येक वर्गाला सांगायला हवी. लीलावतीचं कौतुक करतो आपण, आणि तिचा पत्ता आपल्या तालुक्यात आहे हे पोरांपासून दूर राहतं.

27 डिसेंबर, शुक्रवार

वावराचे मालक सातबारा घेऊन शाळेत आले. त्यावर क्षेत्र 0.29.50, म्हणजे 29 आर 50 चौरस मीटर. आमचं 28.6. त्यांनी मोबाईलवरही मोजलं होतं, बांधावरून चालत. एकदा 0.71 एकर आलं, एकदा 0.74. मोबाईल ठिकाणाचे बिंदू घेतो आणि आतून तोही कोपऱ्यांवरूनच जागा काढतो, पण बिंदू काही मीटर इकडेतिकडे होतात, हे सांगितलं.

2950 आणि 2860. मधले 90 चौरस मीटर कुठे गेले? टेप सैल होती, कर्ण वाकडा गेला, अशा शंका निघाल्या. मग ज्या मुलीचं वावर तीच म्हणाली, "आपण बांधाच्या आतून मोजलं. बांध पण आमचाच आहे, अर्धा." मधल्या सुट्टीत चार जण पळत जाऊन बांधाची रुंदी मोजून आले, साधारण 80 सेंटिमीटर. अर्धी 40. चारही बाजूंची बेरीज 242.4 मीटर, गुणिले 0.4, म्हणजे 97 चौरस मीटर. 2860 अधिक 97, 2957.

तिच्या वडिलांनी वहीतला तो हिशेब दोनदा वाचला आणि टिपणाच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. नांगरटीचा हिशेब पुढच्या वेळी यावरून करायचा म्हणाले.

जाताना त्यांनी नाल्याकाठच्या दुसऱ्या वावराबद्दल विचारलं. त्याची एक कड नाल्याबरोबर सगळी वळत जाते, तिथे कोपराच नाही. मुलांनी तिथल्या तिथे योजना केली: सरळ बांधावर रेघ धरायची, दर 5 मीटरला नाल्यापर्यंत लंब टाकायचा, दोन लंबांमधला प्रत्येक पट्टा समलंब चौकोन धरायचा. वळण जास्त असेल तिथे 2 मीटरवर, हे पिंपळाच्या पानाच्या चौकटी बारीक करणाऱ्या मुलानं सुचवलं. समलंब चौकोन आठवीत येतो, पण दोन त्रिकोणांत तो यांना आत्ताच कापता येतो. आबांना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वेळ आहे. नव्या सुतळीवर 5-5 मीटरच्या गाठी मारायचं काम दोन मुलींनी घरी नेलं आहे.